छंदाची खोली आणि धुळीचा हिशेब

बँकेतून निवृत्त होताना सहकाऱ्यांनी मला शाल, श्रीफळ आणि मनगटी घड्याळ दिले. मी स्वतःला दिलेली भेट मात्र निराळी होती. सांगलीतील आमच्या जुन्या घराच्या मागील बाजूस एक खोली आहे. वडिलांच्या अडत व्यवसायाच्या काळात तेथे गुळाच्या ढेपा आणि हळदीची पोती ठेवली जात. व्यवसाय बंद झाल्यावर ती खोली अडगळीची झाली होती. ती साफ करून घेतली, उत्तरेच्या भिंतीशी एक भक्कम टेबल ठेवले, करवती, रंधे, पटाशा मांडल्या आणि लाकूडकामाचा लहानपणापासून उराशी बाळगलेला छंद वयाच्या साठाव्या वर्षी सुरू केला. पाट, चौरंग, भिंतीवरचे फडताळ, नातवाची लाकडी गाडी अशी कामे होऊ लागली. पुढे हात सरावले तसे विजेवर चालणारे सँडरही आले, आणि त्याबरोबर धूळ आली.

हाताने करवत चालवली की भुसा पायाशी पडतो आणि झाडूने गोळा होतो. रंध्यातून तर लाकडाचे गुंडाळलेले पापुद्रेच निघतात. सँडरची धूळ निराळी असते. ती पडत नाही, तरंगते. प्रारंभी मला याचे काहीच वाटले नाही. चष्मा पुसावा आणि कामाला लागावे, इतकाच तिचा उपद्रव मी जाणत होतो.

त्या हिवाळ्यात आमचा सहा वर्षांचा नातू वारंवार खोकू लागला. रात्री त्याच्या छातीतून घरघर ऐकू येई. डॉक्टरांनी तपासून औषधे दिली आणि सहज विचारल्यासारखे विचारले, “घरात धुळीचे काही काम चालते का?” चिरंजीव माझ्याकडे पाहून गप्प राहिले. घरी आल्यावर सूनबाईच म्हणाल्या, “अण्णा, खोली बंद करा असं मी म्हणत नाही. पण तुमची धूळ आमच्या खोलीत येते. आरशावर एकदा बोट फिरवून बघा.” मी बोट फिरवले. पिठासारखी तांबूस धूळ बोटाला लागली. सागाचा रंग मी ओळखत होतो.

छंद सोडावा की धूळ आवरावी, असा प्रश्न समोर उभा राहिला. मी दुसरा पर्याय निवडला आणि सुमारे १४,००० रुपये खर्चून हवा गाळणारे एक यंत्र आणले. पत्र्याची पेटी, आत पंखा, एका बाजूने धुळीची हवा आत घेते, दोन गाळण्यांतून काढते आणि दुसऱ्या बाजूने स्वच्छ हवा सोडते. छताला साखळीने टांगायचे असते. वायरमनने विचारले, “साहेब, कुठं लावू?” मी क्षणाचाही विचार न करता सांगितले, “टेबलाच्या बरोबर वर.” धूळ तेथेच उत्पन्न होते, तर यंत्रही तेथेच असावे, स्वयंपाकघरात शेगडीच्या वर धुराडे असते तसे. शिवाय स्वच्छ हवा घराकडे जावी या सद्हेतूने यंत्राचे सोडते तोंड मी दाराकडे करून घेतले.

महिनाभराने सूनबाईंच्या आरशावर पुन्हा बोट फिरवले. धूळ होती तितकीच होती. मला तर ती थोडी अधिकच वाटली. चिरंजीव म्हणाले, यंत्र सदोष आहे. विक्रेत्याने फोनवर सांगितले की यंत्र उत्तम आहे, जागा ठरवणे ही ग्राहकाची जबाबदारी. मग मी माहितीपत्रक काढले. जागेविषयी त्यात अर्धे पान मजकूर होता. कर्जदारांना सही करण्यापूर्वी अटी वाचा असे तीस वर्षे बजावणाऱ्या माणसाने ते अर्धे पान वाचलेले नव्हते.

त्यानंतर मी या विषयाचा जरा नेटाने अभ्यास केला. जे कळले ते आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या उपयोगी पडावे असे वाटते. कारण घरामागे लहानसे कारखानदारीचे काम, पॅकिंगची खोली किंवा असाच एखादा छंद आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असतो.

प्रथम धुळीविषयी. धुळीचा कण मोजण्याचे माप मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस साधारण ६० ते ७० मायक्रॉन जाडीचा असतो. करवतीचा भुसा त्याहून कितीतरी मोठा, म्हणून तो लगेच खाली बसतो. १० मायक्रॉनचा कण स्थिर हवेत सेकंदाला सुमारे ३ मिलिमीटर उतरतो. म्हणजे नाकाच्या उंचीवरून जमिनीवर यायला त्याला आठ-नऊ मिनिटे लागतात. अडीच मायक्रॉनच्या कणाला दोन तास, आणि एक मायक्रॉनच्या कणाला सुमारे बारा तास. हे सारे हवा पूर्ण स्थिर असताना. छताचा पंखा फिरत असेल तर हा बारीक कण खाली उतरण्याचे नावच घेत नाही. जो भुसा आपल्याला दिसतो आणि ज्याचा राग येतो तो बहुतांशी निरुपद्रवी असतो. छातीत खोलवर जाणारा कण डोळ्यांना दिसतच नाही.

लाकडाची धूळ नैसर्गिक, तेव्हा तिच्यापासून काय अपाय होणार, असाही एक समज आहे. माझाही होता. इंग्लंडमधील हाय विकम हे गाव खुर्च्या आणि लाकडी सामानाच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध होते. तेथील कान-नाक-घसा शल्यविशारद एस्मे हॅडफिल्ड यांच्या लक्षात आले की नाकाच्या पोकळीतील एका दुर्मीळ कर्करोगाचे रुग्ण प्रामुख्याने लाकूडकाम करणाऱ्यांपैकीच आहेत. १९६० च्या दशकात डोनाल्ड ॲचेसन आदी संशोधकांसह त्यांनी याचा पाठपुरावा केला आणि संबंध सिद्ध झाला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात लाकडाच्या धुळीची गणना मानवाला निश्चित कर्करोगकारक अशा पहिल्या गटात केली. ते कामगार वर्षानुवर्षे दिवसभर त्या धुळीत वावरत होते. आठवड्यातून आठ-दहा तास छंद जोपासणाऱ्याने त्यांच्याशी स्वतःची तुलना करून घाबरून जाण्याचे कारण नाही. तथापि ‘नैसर्गिक’ या शब्दावर विसंबण्याचेही नाही. एमडीएफच्या फळ्यांत तर फॉर्मल्डिहाइडयुक्त डिंक असतो. त्या घासायचे काम मी तेव्हापासून घेतच नाही.

आता माझी चूक कोठे झाली ते सांगतो. मेणबत्ती हातभर अंतरावरून फुंकून विझवता येते. पण तेवढ्याच अंतरावरून हवा आत ओढून ती विझवता येईल का? ज्योत हलणारसुद्धा नाही. फुंकलेली हवा झोत बनून सरळ दूर जाते, ओढलेली हवा मात्र चहूबाजूंनी येते. वायुवीजनाच्या अभियंत्यांचा एक ठोकताळा आहे: पंख्याच्या तोंडातून सुटलेला झोत त्या तोंडाच्या व्यासाच्या तीसपट अंतरावरही आपला सुमारे एक दशांश वेग राखून असतो, ओढीचा वेग मात्र केवळ एका व्यासाइतक्या अंतरावरच एक दशांशावर येतो. माझ्या यंत्राचे तोंड फूटभर रुंद. म्हणजे त्यापासून फूटभर खालीच त्याची ओढ जवळजवळ संपत होती आणि टेबल तर चार फूट खाली होते.

यंत्र टेबलावरची धूळ ओढून घेते ही माझी समजूत अशा रीतीने मुळातच खोटी ठरली. जी थोडीफार धूळ ते ओढत होते, तीही टेबलावरून वर चढताना माझ्या नाकासमोरून जात होती. दुसरीकडे त्याचा झोत मात्र चांगला जोरकस होता आणि तो मी दाराकडे सोडला होता. असा झोत वाटेतली मलिन हवाही आपल्यासोबत खेचून नेतो. ती सारी हवा दारावर आदळून दाराखालच्या फटीतून घरात शिरत होती. नातवाच्या खोलीकडे धूळ पोहोचवण्याची उत्तम व्यवस्था मी रोख पैसे मोजून केली होती.

तेव्हा यंत्र धूळ कोठून ओढते हे गौण. त्याचा झोत खोलीतली हवा कोणत्या दिशेने फिरवतो हे मुख्य. यंत्र असे टांगावे की त्याच्या झोताने सगळी हवा देवळातल्या प्रदक्षिणेसारखी एका दिशेने भिंतींच्या कडेने फिरावी आणि धूळ उडते तेथून निघून, माणसाच्या तोंडाला वळसा न घालता, यंत्राच्या ओढत्या तोंडापाशी यावी.

माझी खोली पूर्व-पश्चिम १४ फूट, दक्षिणोत्तर १२ फूट. टेबल उत्तरेच्या भिंतीशी, घरात जाण्याचे दार दक्षिणेच्या भिंतीत, पूर्वेच्या टोकाला, खिडकी पश्चिमेला. नव्या व्यवस्थेत यंत्र दक्षिणेच्या लांब भिंतीला समांतर, भिंतीपासून थोडे सुटे, पश्चिमेकडून साधारण एक तृतीयांश अंतरावर टांगले. पेटीचा तळ डोक्याच्या वर, जमिनीपासून साडेसात फुटांवर. ओढते तोंड पश्चिमेकडे, सोडते तोंड पूर्वेकडे. आता झोत दक्षिणेच्या भिंतीने पूर्वेस जातो; वाटेत दारासमोरून जाणारी हवा नुकतीच गाळलेली असते. पूर्वेच्या भिंतीशी वळून हवा उत्तरेच्या भिंतीने पश्चिमेस येते. मी टेबलाशी उभा असताना ती माझ्या उजवीकडून डावीकडे जाते, धूळ उचलते, पश्चिमेच्या कोपऱ्यात वळते आणि यंत्रात शिरते. सँडर मी टेबलाच्या डाव्या टोकाला, म्हणजे प्रवाहाच्या खालच्या अंगाला हलवले.

हवा बाजूने यावी, पाठीमागून येऊ नये, हेही मुद्दाम सांगण्यासारखे आहे. पाठीवर वारा घेऊन उभे राहिले की शरीरापुढे भोवरा तयार होतो आणि धूळ तोंडाशीच घुटमळत राहते. आपल्याकडे पाठीमागे टेबलफॅन लावून काम करण्याची सवय सर्रास आढळते. उकाडा कमी होतो हे खरे; पण धुळीच्या कामात ती सवय घातक आहे. छताचा पंखा तर धुळीचे काम चालू असताना आणि त्यानंतर काही वेळ बंदच ठेवावा. त्याचा झोत सरळ खाली येतो, प्रदक्षिणा मोडतो आणि खाली बसलेली धूळ पुन्हा उठवतो. सांगलीच्या एप्रिल-मे महिन्यांत हे पाळणे किती कठीण आहे हे मी जाणतो. म्हणून त्या दिवसांत मी काम सकाळी साडेसहा ते साडेआठ एवढेच करतो.

हवा खरोखर कशी फिरते हे पाहण्यास कोणतेही महागडे उपकरण लागत नाही. खोली पुसून स्वच्छ असताना, भुसा नसताना, एक उदबत्ती लावावी आणि टेबलापाशी, दारापाशी, प्रत्येक कोपऱ्यात थोडा वेळ धरावी. धूर कोठे जातो ते स्वच्छ दिसते. माझ्या पहिल्या व्यवस्थेत दाराखाली धरलेल्या उदबत्तीचा धूर सरळ घरात गेला. हे पाहून सूनबाई काहीच बोलल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. दुसरी परीक्षा अंधारातली. सँडर वापरून झाल्यावर दिवे घालवावेत आणि एक चांगली बॅटरी आडवी धरून प्रकाशाच्या बाजूने पाहावे. झोतात तरंगणारे कण चमकतात. उन्हाच्या कवडशात धूळ दिसते तेच तत्त्व. मी पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा घासकाम थांबवून पाऊण तास झाला होता आणि खोली मला अगदी स्वच्छ वाटत होती.

यंत्र किती मोठे घ्यावे याचा हिशेब सोपा आहे. माझी खोली १० फूट उंच. म्हणजे १,६८० घनफूट, सुमारे ४८ घनमीटर. यंत्र मधल्या वेगावर ताशी ४८० घनमीटर हवा गाळते असे माहितीपत्रक सांगते. म्हणजे तासाला दहा फेऱ्या, सहा मिनिटांना एक. पण एका फेरीत सगळी धूळ जाते असे नाही, कारण गाळलेली हवा मलिन हवेत मिसळतच असते. वाणिज्य शाखेच्या वाचकांना हे लगेच उमगेल: धूळ स्थिर हप्ता पद्धतीने नव्हे, ऱ्हासमान शेष पद्धतीने कमी होते. पहिल्या फेरीनंतर १०० पैकी ३७ शिल्लक, दुसरीनंतर १४, तिसरीनंतर ५. म्हणजे नवी धूळ उडणे थांबल्यानंतर अठरा मिनिटांनी शेकडा पाच उरते, तेही हवा नीट मिसळत असेल तर. माझ्या खोलीतले कोपरे आणि फडताळे लक्षात घेऊन मी अर्धा तास धरतो. काम संपल्याबरोबर यंत्र बंद करणे म्हणजे वसुलीच्या ऐन वेळी शाखा बंद करण्यासारखे आहे.

या ठिकाणी प्रामाणिकपणे दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. एक अशी की घासकाम करणाऱ्याचे रक्षण हे यंत्र करू शकत नाही. धूळ सँडरपासून माझ्या नाकापर्यंत क्षणभरात येते. यंत्रापर्यंत जाण्यास तिला मिनिटे लागतात. यासाठी धूळ उगमापाशीच पकडणे हाच खरा उपाय. सँडरच्या मागे नळी जोडून ती व्हॅक्यूम क्लीनरला लावली आणि तोंडाला घट्ट बसणारा एन-९५ मुखपट्टा बांधला, तेव्हाच फरक पडला. छताचे यंत्र यातून निसटलेल्या धुळीसाठी आहे. जे केवळ यंत्र घेऊन निश्चिंत होतात ते, माझ्या मते, तारण न घेता कर्ज देतात.

दुसरी गोष्ट अशी की ज्यांच्या खोलीची खिडकी मोकळ्या जागेवर उघडते त्यांनी असे यंत्र घेण्याच्या भानगडीत न पडता प्रथम साधा एक्झॉस्ट फॅन बसवावा. धूळ बाहेर जाते आणि तिची जागा घेण्यास घरातली हवा खोलीत येते, म्हणजे दाराखालचा प्रवाह आपोआप उलटा होतो. खर्चही कमी. आमच्या खिडकीबाहेर मात्र चार फुटांची बोळ आणि पलीकडे शेजाऱ्यांचे स्वयंपाकघर. माझी धूळ त्यांच्या भाकरीवर पाठवणे मला मान्य नव्हते.

व्यापारी बंधूंसाठी एक सूचना. वाऱ्याच्या दिशेचे हे तत्त्व धान्याच्या किंवा कापडाच्या दुकानातही लागू पडते. गल्ल्यावर बसणाऱ्याच्या पाठीमागे पंखा आणि समोर पोती झटकणारा नोकर, ही मांडणी एकदा उदबत्ती लावून पाहावी. परंतु पीठ, हळद, मिरची यांची पूड उडते तेथे असली साधी विजेची पेटी स्वतःच्या बुद्धीने टांगू नये. हवेत दाटलेली बारीक पूड ठिणगीने स्फोटासारखी पेटू शकते. तेथे जाणकार अभियंत्याचाच सल्ला घ्यावा.

जागा बदलल्यावर मी एक वही घातली. काळ्या रंगाचे तीन पत्र्याचे तुकडे घेतले. एक टेबलाजवळ, एक दाराच्या आतल्या बाजूस, एक नातवाच्या खोलीत कपाटावर. दर रविवारी ते पाहून नोंद करायची आणि पुसून परत ठेवायचे. पहिल्या तीन रविवारी दाराजवळच्या तुकड्यावर बोटाने अक्षर लिहिता येत होते. यंत्राची जागा, व्हॅक्यूमची नळी, पंखा बंद आणि झाडूऐवजी ओले फडके, हे सगळे सुरू झाल्यावर सहाव्या रविवारी अक्षर उमटले नाही. नातवाच्या खोलीतला तुकडा जवळजवळ काळाच राहू लागला. टेबलाजवळच्या तुकड्यावर धूळ अजूनही बसते, ती बसणारच.

वहीने आणखी एक गोष्ट दाखवली. दोन महिन्यांनी दाराजवळची नोंद पुन्हा वाढू लागली. यंत्राच्या सोडत्या तोंडाला मी कागदाची एक पट्टी चिकटवली होती. पूर्वी ती आडवी फडफडत असे, आता लोंबत होती. बाहेरची गाळणी भुशाने बुजून झोत मंदावला होता आणि झोत मंदावला की प्रदक्षिणाही थांबते. आता दर पंधरा दिवसांनी ती गाळणी परसात नेऊन, मुखपट्टा बांधून, हलक्या हाताने झटकतो. आतली बारीक गाळणी धुण्याचा मोह एकदा झाला होता. पण कागदासारख्या घड्यांची ती गाळणी पाण्याने बिघडते, ती बदलावीच लागते.

नातवाचा खोकला या वर्षी कमी आहे. याचे श्रेय मी एकट्या यंत्राला देणार नाही. औषधे चालू आहेत आणि तो एक वर्षाने मोठाही झाला आहे. डॉक्टरांनी मात्र पत्र्याच्या तुकड्यांची वही मागून घेऊन पाहिली आणि एवढेच म्हणाले, “हे असंच चालू ठेवा.”

आमच्या घरी आता नियम आहे. यंत्राचा अर्धा तास संपून मी दार उघडेपर्यंत नातवाने खोलीत यायचे नाही. तो उंबऱ्यापलीकडे बसून मनगटी घड्याळात वेळ मोजतो. निवृत्तीच्या वेळी मिळालेले ते घड्याळ त्यानेच हस्तगत केले आहे. सूनबाईंनी दाराखालच्या फटीला लावलेली जाड कापडाची गुंडाळी अजून तेथेच आहे. मीही ती काढा असे म्हटलेले नाही.